बासष्टचं सव्वीस

हे मी आजवर कुणालाच बोलले नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि सिडनीच्या गिरावीन भागातल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर तर नाहीच नाही — तिथे टाकलं असतं तर संध्याकाळच्या आत पार डार्विन शहरात राहणाऱ्या मावसबहिणीचा फोन आला असता. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल — तर असू दे, आता नीट ओळखाल.

आधी घरात माझी काय प्रतिमा आहे ते सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. अमेरिकेत रविवारी व्यावसायिक फुटबॉलचे सामने होतात. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. तो हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जायचा, लांबट बॉलचा — इथे त्याला ग्रिडआयर्न म्हणतात. सिडनीत ते सामने सोमवारी सकाळी दिसतात, म्हणून माझा नवरा निखिल सोमवारी घरून काम करतो. काम काय करतो ते त्याचं त्यालाच ठाऊक. हरणाऱ्या टीमचा कोच पडद्यावर दिसला की लॅपटॉप बाजूला ठेवून त्याचं सुरू होतं, "याला पहिला घरी पाठवा. अकाउंटेबिलिटी नावाची काही चीज आहे की नाही?" आणि मी स्वयंपाकघरातून दर वेळी, अगदी न चुकता, त्या कोचची बाजू घेते. बॉल खेळाडूच्या हातून सुटला, त्यात कोचचा काय दोष? एक हंगाम वाईट गेला म्हणून लगेच माणसाला हाकलायचं का? सासूबाई पुण्याहून आल्या की कौतुकाने ऐकतात आणि म्हणतात, "मेघा फार मायाळू आहे हो. परक्या माणसासाठीसुद्धा जीव तुटतो तिचा."

मी मान खाली घालून पोळी लाटत राहते. मायाळू म्हणे.

मग मी सगळ्या कोचांची वकिली का करते? सांगते. पण एकदम नाही जमायचं — जरा वळसा घालून यावं लागेल, तेवढं सांभाळून घ्या.

मी मिरजेची. मास्टर्स करायला सिडनीत आले तेव्हा गिरावीनमध्ये एका युनिटमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्ये, आम्ही चार मुली राहायचो आणि समोरच्या युनिटमध्ये निखिल आणि त्याचे मित्र. त्यांचा कुकर कायम बिघडलेला असायचा, किंवा बिघडलाय असं ते सांगायचे. निखिल पुण्यात कॉलेजकडून आपला साधा फुटबॉल खेळलेला, पायात जोर. युनीतल्या, म्हणजे युनिव्हर्सिटीतल्या, कुणीतरी त्याला इथल्या एका हौशी ग्रिडआयर्न क्लबात नेलं आणि तो तिथे किकर झाला. किकर म्हणजे मैदानात यायचं, बॉलला एक लाथ घालून तो दोन खांबांच्या मधून पाठवायचा आणि परत बाकावर जाऊन बसायचं. निखिलला हे फार पटलं. कष्ट कमी आणि टाळ्या जास्त.

क्लबाचं नाव गालाज. गाला हा इथला गुलाबी-राखाडी पोपट, आणि इथल्या बोलीत गाला म्हणजे बावळट माणूस. हे नाव ज्यांनी आपणहून घेतलं त्यांच्यात मी पटकन रमले यात नवल नाही. सगळे नोकरी-धंदा सांभाळून खेळणारे; पण नियम अमेरिकेतले, रागलोभ अमेरिकेतले, आणि हरलं की कोचच्या नावाने शंख करायचा ही रीतसुद्धा तिकडचीच. मी मॅच बघायला जायचे. मॅच! — निखिल मैदानात असेल तेवढी पाच मिनिटं बघायचे आणि बाकी वेळ सॉसेजच्या रांगेत.

तिथे ग्रेगने मला हेरलं.

ग्रेग आमचा कोच. वयाने माझ्या बाबांएवढा, पण इथे सगळेच नावाने. शाळेत पीटी शिकवायचा. पोट सुटलेलं, नाकावर पांढरं सनक्रीम थापलेलं, काखेत चहाचा थर्मास. त्याने आठवडाभर 'मेघा' म्हणायचा सराव केला — मेग-हा, मे-गा, मिगा — आणि शेवटी हात टेकून 'मेग्स'वर आला. माझ्या डब्यातली चकली त्याला भलतीच आवडायची. तिला तो 'दोज ट्विस्टी थिंग्ज' म्हणायचा आणि चार खाल्ल्याशिवाय शिट्टी वाजवायचा नाही. खेळाडूंना ओरडायचा भरपूर, पण ओरडून झालं की त्याच माणसाला संत्र्याची फोड द्यायचा. माझं काहीच कर्तृत्व नसताना तो एकदा म्हणाला, "मेग्स, यू'व्ह गॉट अ स्टेडी हेड. कम अँड डू माय बोर्ड्स."

बोर्ड्स म्हणजे पाट्या. आता या पाट्यांचं सांगावंच लागेल, कारण सगळं तिथेच अडकलंय.

या खेळात प्रत्येक चाल आधीपासून बसवलेली असते आणि तिला आकडा असतो. कोच आकडा ठरवतो आणि मैदानातला क्वार्टरबॅक — म्हणजे चाल सुरू झाली की बॉल ज्याच्या हातात येतो तो — त्या आकड्याप्रमाणे खेळवतो. मोठ्या टीमच्या हेल्मेटमध्ये यंत्रं असतात. आमच्याकडे मी होते. ग्रेग कडेच्या लोखंडी मचाणावर चढून उभा राहायचा, तिथून त्याला सगळं मैदान दिसायचं. तो वॉकी-टॉकीवर आकडा सांगायचा, तो फक्त माझ्या कानातल्या इअरफोनमध्ये यायचा, आणि मी खाली उभी राहून दोन अंकांच्या दोन मोठ्या पाट्या वर धरायचे. पहिली उचललेली पाटी उजव्या हातात, दुसरी डाव्यात, म्हणजे समोरच्याला आकडा सरळ दिसतो. 'पाट्या टाकणं' म्हणजे काय ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मी मात्र पाट्या अगदी जीव ओतून धरायचे. युनीत मला कुत्रंही विचारत नव्हतं, आणि इथे माझ्या दोन हातांकडे बघून दांडगे दांडगे गडी धावत सुटायचे. मला फार मजा यायची. खरंच, आयुष्यातले ते फार आनंदाचे दिवस होते, हेही खोटं नाही.

पण माझी एक खोड होती. मला ती माहीत होती — ग्रेगला नव्हती.

मी मराठी शाळेत शिकले. इंग्रजी नंतर आलं, चांगलं आलं, आता तर पॅरामॅटाच्या ऑफिसात दिवसभर त्याच भाषेत भांडते. पण आकडे? आकडे डोक्यात मराठीतच राहिले. अजूनही कुणी फोन नंबर सांगितला की मी मनात मराठी करूनच तो लिहून घेते. आणि आपले आकडे कसे असतात बघा. इंग्रज म्हणतो सिक्स्टी-टू, साठ आधी आणि दोन मागून. आपण म्हणतो बासष्ट — दोन आधी, साठ मागून. शांतपणे बसलेलं असताना काही अडत नाही. पण घाई झाली, जीव वरखाली झाला की सिक्स्टी-टूचं मनात बासष्ट होतं आणि 'बा' ऐकल्या ऐकल्या हात दोनकडे जातो. सरावात हे माझं दोन-तीनदा झालं होतं. दर वेळी मी पटकन पाट्या बदलल्या, कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मी स्वतःशीच हसले. ग्रेगला सांगायला हवं होतं ना? एका वाक्याचं काम. पण मग त्याने पाट्या दुसऱ्या कुणाला दिल्या असत्या — आणि मी परत सॉसेजच्या रांगेत.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती, ती आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढे धीर व्हायचा नाही. ग्रेगचे वडील वृद्धाश्रमात होते. विस्मरणाचा आजार. सराव संपला की ग्रेग तिकडे जायचा. एकदा माझ्या चकल्या खाता खाता म्हणाला की आज म्हाताऱ्याने मला आमच्या कुत्र्याच्या नावाने हाक मारली. सांगताना हसला, मीही हसले, आणि मग बराच वेळ तो चष्मा पुसत बसला. त्यांचं फुटकळ चुकांनीच सुरू झालं होतं, म्हणाला. आधी आकडे, मग नावं.

झालं. आता फायनल.

आम्ही फायनलला पोचलो हाच चमत्कार होता. गालाज आणि फायनल! — गिरावीनमधली अर्धी मराठी मंडळी खेळातलं ओ की ठो कळत नसताना डबे घेऊन आली होती. आणि निखिलने शेवटाकडे अशी काही लाथ मारली की आम्ही तीन गुणांनी पुढे गेलो. त्या काळात आमचं नुकतंच जुळलं होतं. लाथ मारून झाल्यावर त्याने भर मैदानातून माझ्याकडे बघून हात केला आणि सगळ्या काकू माझ्याकडे वळून बघायला लागल्या. मी लाजेने लाल आणि आनंदाने वेडी. हातात पाट्या.

वेळ संपतच आली होती. बॉल आमच्याकडे. फक्त दीडेक यार्ड पुढे सरकलं की संपलं, मग घड्याळ चालू देऊन नुसतं उभं राहायचं. पोरासोरालाही कळेल असा प्रसंग: बॉल पोटाशी धरायचा, जाडजूड गड्यांनी रेटा द्यायचा आणि पुढे जाऊन पडायचं. त्या चालीचा आकडा होता बासष्ट. आमच्याकडे सव्वीस नंबरचीही एक चाल होती — लांब, उंच फेक. जमली तर वाहवा, नाही जमली तर बॉल समोरच्याच्या घशात.

कानात ग्रेगचा आवाज आला. स्वच्छ, शांत. "सिक्स्टी-टू, मेग्स."

मी पाट्या वर केल्या. आमच्या क्वार्टरबॅकने — टाइल्स बसवायचं काम करणारा लाजरा, सांगितलं ते करणारा मुलगा — माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा एकदा बघितलं. त्याला शंका आली होती. मला ती लांबून दिसली, आणि मी काय केलं असेल? पाट्या आणखी उंच धरल्या. मला वाटलं, त्याला नीट दिसत नाहीये.

त्याने बॉल फेकला. उंच, सुंदर, निळ्या आभाळात. समोरच्या टीमच्या एकाने तो वरच्या वर झेलला आणि जो धावत सुटला तो थेट आमच्या टोकाला जाऊन थांबला. हरलो.

मी अजून हात वर करून उभी. मान वळवून आपल्याच हातांकडे बघितलं — उजव्यात दोन, डाव्यात सहा. आणि खरं सांगू? त्या क्षणी मला ते बरोबरच वाटलं. बासष्ट — दोन आणि साठ. मग मनात तो इंग्रजी आवाज पुन्हा वाजला. मी पाट्या गवतावर उपड्या टाकल्या.

इतपत झालेलं मी निखिलला कधीच सांगून टाकलं असतं. चूक झाली, आकडे उलटे झाले, माफ करा. लोकांनी चार दिवस शिव्या घातल्या असत्या आणि पाचव्या दिवशी त्याचाच विनोद झाला असता. गालाजच होते शेवटी. मी कबूल करायला बसलेय ते याच्या पुढचं आहे.

ग्रेग मचाणावरून खाली आला. शिडी उतरताना एका हाताने कठडा धरून, सावकाश. लोक त्याच्या नावाने ओरडत होते — कुणी कशाला तिथे बॉल फेकायला सांगेल, हा माणूस शुद्धीवर आहे का. तो सरळ माझ्याकडे आला. रागावलेला नव्हता. गोंधळलेला होता. माझ्या अगदी जवळ येऊन, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्याने विचारलं, "व्हॉट डिड आय कॉल, मेग्स?"

मी म्हणाले, "ट्वेंटी-सिक्स."

लगेच म्हणाले. अडखळले नाही, विचार केला नाही — आणि या खेपेला डोक्यात आकड्यांची अदलाबदल झाली नव्हती बरं का. या खेपेला मी नीट, व्यवस्थित, इंग्रजीत खोटं बोलले. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "राइटो," आणि चष्मा काढून पुसायला लागला. तो का पुसतोय हे त्या मैदानावर मला एकटीलाच माहीत होतं. तरी मी तोंड उघडलं नाही.

का? कारणं आहेत की. मी पोरगेली होते, निखिलची लाथ वाया गेली होती, सगळ्या काकू बघत होत्या. पण कारणं मांडायला लागले की ती सफाई होते आणि मला सफाई द्यायची नाहीये. मला सुटायचं होतं. सुटायला एक आकडा पुरला. बस.

पुढच्या आठवड्यात क्लबाची सभा झाली. निखिल काय बोलला त्या दिवशी! मोठमोठ्या टीमची उदाहरणं दिली, तिकडे कोचला जाब विचारतात मग आपणच का नाही, टीम हरते तेव्हा जबाबदारी कुणाची, वगैरे वगैरे. टाळ्या मिळाल्या. कुणीतरी माझ्याकडे वळून विचारलं की मेग, वॉकी-टॉकीवर तू नक्की काय ऐकलंस? मी तोंड उघडायच्या आतच ग्रेग उठला. "माय कॉल. दॅट्स ऑन मी," म्हणाला आणि बसला. दुसरं खोटं बोलायची वेळसुद्धा त्याने माझ्यावर येऊ दिली नाही. मग हात वर करून मतं घेतली. ग्रेगला काढावं म्हणणाऱ्यांनी हात वर करा. मीही केला. या वेळी हातात पाटी नव्हती.

असं सगळं खापर त्या भल्या माणसाच्या डोक्यावर फुटलं आणि आमचं आयुष्य मजेत पुढे गेलं. हे लिहिताना लाज वाटते, पण मजेतच गेलं. नोकऱ्या लागल्या, इथे कायम राहायचं पीआर मिळालं, लग्न झालं. सिडनीच्या रिसेप्शनला ग्रेगसुद्धा आला — शनिवारी हाकललेल्या माणसाबरोबर रविवारी बिअर पिण्याची इथे पद्धतच आहे. ढोलावर तो असा नाचला की माझ्या मामाचा फेटा त्याच्या डोक्यावर गेला. बाबांना म्हणाला, युअर डॉटर हॅज द स्टेडिएस्ट हेड आय एव्हर कोच्ड. बाबांनी मिरजेला परत जाऊन ते गल्लीभर सांगितलं. अजून सांगतात.

आणि फायनलची गोष्ट म्हणजे तर निखिलचं हुकमी नाणं. दिवाळीला, गणपतीला, कुणाच्या डोहाळजेवणालासुद्धा. हातात बेसनाचा लाडू घेऊन तो क्वार्टरबॅक होतो, सोफ्यावर चढून ग्रेग होतो, आणि "ट्वेंटी-सिक्स!" म्हणून असा काही ओरडतो की लोक हसून हसून डोळे पुसतात. गोष्ट रंगते हे मला मान्य आहे. मीसुद्धा हसते. कुणीतरी नवीन पाहुणा हमखास विचारतो, पण त्याने असं केलं का? आणि निखिल कपाळाशी बोट फिरवून म्हणतो, "वय झालं होतं रे." मी लाडवांचं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जाते.

हे मी मराठीत का लिहितेय, तेही सांगून टाकते. ग्रेगला मराठी येत नाही. निखिलला येतं, पण फॉरवर्ड आलेल्या विनोदापलीकडे तो मराठीतलं काही वाचत नाही. म्हणजे कबुलीसुद्धा मी जागा बघून देतेय.

मागच्या महिन्यात काय झालं ते सांगते आणि थांबते. निखिल आता गालाजचा अध्यक्ष आहे. क्लबाने लहान मुलांची फ्लॅग टीम काढली आहे — यात अंगावर धावून जायचं नसतं, कमरेची पट्टी ओढली की झालं. आमची इरा त्यात आहे. आठ वर्षांची, पळते बरी, ऐकत कुणाचंच नाही. पोरं जमली, पट्ट्या आल्या, पण कोच मिळेना. आणि एका शनिवारी सकाळी मैदानावर ग्रेग दिसला. नातीला सोडायला आला होता. केस सगळे पांढरे, बाकी तोच, काखेत थर्मास. तोच, माझ्या चकल्यांची आठवण काढणारा. मी डबा पुढे केला, त्याने चार खाल्ल्या. त्याच्या नातीच्या बुटाची नाडी बांधता बांधता त्याने आमच्या इराला बॉल कसा धरायचा ते दाखवलं, आणि जी पोरगी माझं एक ऐकत नाही ती तोंडात बोट घालून ऐकत राहिली. मग त्याच्याभोवती आठ-दहा पोरं गोळा झाली. ग्रेगच्या तोंडावर जे काही होतं ना — मी इतकी वर्षं ते बघितलं नव्हतं. तो माणूस खुलला होता.

निखिल काही दुष्ट नाही हो. तो धावतच गेला आणि म्हणाला, "कोच, प्लीज. जुनं सोडून दे. या पोरांना तू हवायस." अर्थात इंग्रजीत म्हणाला, पण अगदी मनापासून.

ग्रेगने हातातला बॉल इराला परत दिला आणि मान हलवली. हळू आवाजात, आमच्या दोघांपुरतं बोलला. म्हणाला, नाह मेट. त्या फायनलनंतर मी ठरवलंय. त्या दिवशी माझ्या तोंडून ट्वेंटी-सिक्स गेलं आणि माझ्या कानांना सिक्स्टी-टू ऐकू आलं. अगदी स्वच्छ ऐकू आलं. तुला कळतंय का? आमच्या म्हाताऱ्याचं असंच सुरू झालं. डॉक्टर दर वर्षी तपासतात आणि म्हणतात काही नाही, पण ते त्यालाही सुरुवातीला तसंच म्हणाले होते. ज्याला स्वतःच्या कानांचा भरवसा नाही त्याने दुसऱ्यांच्या पोरांची डोकी हाताखाली घेऊ नयेत. शाळासुद्धा त्याच वर्षी सोडली.

निखिलला त्याची ती लाडवाची गोष्ट त्या क्षणी आठवली असणार.

मग ग्रेग माझ्याकडे वळला. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निखिलला म्हणाला, "मेग्सला ठाऊक होतं. शी हर्ड इट. कधी कुणाला बोलली नाही की मीही घसरतोय. इतकी वर्षं तिने माझी लाज राखली." आणि मला म्हणाला, "थँक्स, लव्ह."

मी म्हणाले, "नो वरीज, ग्रेग."

आणि इराला हाक मारली. ती म्हणाली, "मम्मा, इज ही आवर कोच नाऊ?" मी म्हणाले, चल, उशीर होतोय. निखिलने गाडीत बसल्यावर माझा हात धरला आणि म्हणाला की तू इतकं मनात ठेवलंस, मला कधी सांगितलं नाहीस. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी खिडकीबाहेर बघत होते. ग्रेग कुंपणाला टेकून पोरांचा खेळ बघत उभा होता, आणि आकडे सांगायला एक नवखा बाप मैदानात गोंधळ घालत होता.

ग्रेगला फोन करायला मला एक मिनिट लागेल. त्या शनिवारपासून मी तो केलेला नाही. त्याने बासष्टच म्हटलं होतं. त्याच्या कानांनी बासष्टच ऐकलं होतं. त्याचं डोकं त्या दिवशीही ठीक होतं आणि आजही ठीक आहे, आणि हे जगात फक्त मला माहीत आहे.